आजचा अभ्यास : धुऱ्यावरचा मोह आणि रात्रीचे पाहुणे



मागच्या फाल्गुनात सौंसरकडच्या एका ताईंनी गटात विचारलं, "आमच्या धुऱ्यावरच्या मोहावर रात्री वटवाघळं येतात. घरचे अशुभ म्हणतात. फटाके फोडून हाकलू का?" आम्ही म्हटलं, आधी अभ्यास करू, मग सांगू.

*१) रात्रीच का?* मार्च-एप्रिलमध्ये मोहाची पानं गळतात आणि फांद्यांच्या टोकाला फुलांचे घोस लटकतात. फूल रात्री उमलतं, पहाटे टपटप गळतं. फिकट रंग, उग्र गोड वास, आड यायला पानं नाहीत. हे सगळं वटवाघळासाठीच. मोठं फळखाऊ वटवाघूळ डोळे आणि नाकाच्या भरवशावर फिरतं, वासावरून बरोबर झाडापाशी येतं.

*२) ते करतं काय?* गोड, मांसल पाकळ्या खातं. तोंडाला, केसांना पराग लागतात, ते दुसऱ्या मोहावर पोचतात. मोहाच्या कळीतून स्त्रीकेसर आधी बाहेर येतो, त्याच फुलाचे पराग नंतर पिकतात. म्हणून बाहेरचे पराग लागतात. थोडं काम वाराही करतो.

*३) आपण वेचतो ते काय?* पराग असलेली गळालेली पाकळी. स्त्रीकेसर झाडावरच राहतो, त्याचं पुढे फळ होतं, बीपासून तेल निघतं. सत्संगात आपण "मोह सोडा" ऐकतो. हा मोह तर रोज पहाटे स्वतःच सोडून देतो!

*४) अशुभ की उपकारी?* १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढली. मोठ्या वटवाघळाला वर्षाला साधारण एकच पिल्लू होतं. एकदा थवा उठवला की भरून यायला फार वर्षं लागतात.

*घरी काय करायचं?*
✅ फटाके नकोत, दगड नकोत.
✅ फुलं वेचायला झाडाखाली आग लावू नका, रोपं जळतात. पाला झाडून जुनी साडी अंथरा.
✅ वटवाघळाने उष्टावलेलं फळ खाऊ नका, वटवाघळाला हात लावू नका.
✅ उगवलेली दोन रोपं तरी राखा. जुने मोह आजे-पणज्यांनी राखलेले, पुढचे कोण राखणार?

ताईंनी फटाके आणले नाहीत. यंदा नातवंडांना घेऊन त्या रात्री अंगणात बसल्या होत्या.

*मुलांना विचारा :* मोहाचं फूल दिवसा उमललं असतं तर?