रात्रीचा अभ्यास: कोणता करायचा, कधी थांबवायचा?

बारावीची बोर्डाची परीक्षा, तिच्या मागेपुढे जेईई, नीट, सीईटी. दिवसभर कॉलेज आणि क्लास. स्वतःच्या अभ्यासाला उरते ती रात्रच. शिवाय किशोरवयात शरीराचे घड्याळ उशिराकडे सरकते. दहाला झोप येत नाही, यात मुलांचा हट्ट नसतो. त्यामुळे ‘रात्री अभ्यास करूच नका’ असे मी सांगणार नाही. पण रात्रीचा अभ्यास किती वाजेपर्यंत चालला, यावरून त्याची किंमत ठरत नाही. सकाळी त्यातले काय आठवते, यावरून ठरते.

पेंग का येते?

जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेची ओढ वाढवते. रात्र चढते तसे सर्वांत आधी नुसते वाचन निकामी होते: डोळे ओळींवरून फिरतात, डोक्यात काही शिरत नाही. म्हणून नवा, अवघड धडा जेवणाआधीच वाचून घ्या. रात्रीसाठी हाताला पेन लागेल असे काम राखून ठेवा. भौतिकशास्त्राची गणिते, रसायनाच्या अभिक्रिया, पुस्तक मिटून काढलेल्या जीवशास्त्राच्या नामनिर्देशित आकृत्या.

नुसते वाचण्यापेक्षा आठवून लिहिण्याला संशोधनाचाही आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांचे दोन प्रकारचे अभ्यास ताडून पाहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली, तेव्हा उतारा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमची परीक्षा तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आहे.

बैठक कशी असावी?

अंथरुणात अभ्यास नको; टेबल-खुर्ची किंवा पाट-चौरंग घ्या. खोलीत पुरेसा उजेड ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत असू द्या. शंका कागदावर लिहा, क्लासच्या ग्रुपवर सकाळी विचारा. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके घ्या. पेंग आली तर उठा, तोंड धुवा, दहा मिनिटे उभ्याने मोठ्याने पाठ म्हणा. तरीही डोळे मिटत असतील, तर वही मिटा.

चहा-कॉफीचा हिशेबही समजून घ्या. कॅफिन अॅडेनोसिनचा परिणाम अडवते, साचलेला थकवा घालवत नाही. शरीरातले निम्मे कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात. दहाला घेतलेल्या कॉफीतले निम्मे कॅफिन तीनलाही शरीरात असते; झोप लागली तरी ती उथळ होते.

झोप हा अभ्यासाचाच भाग

दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त, स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त. कोणताही भाग कापला की नुकसान होते. 13 ते 18 या वयात आठ ते दहा तास झोपेची शिफारस केली जाते. सकाळी सहाला उठणाऱ्याने रात्री अकराला वही मिटली, तरी जेमतेम सात तास मिळतात. ती तूट दुपारच्या वीस मिनिटांच्या डुलकीने थोडी हलकी करता येते, पण दोनपर्यंत जागून वाढवू नका.

परीक्षेची वेळही ध्यानात घ्या. बोर्डाचा सकाळचा पेपर अकराला, नीट दुपारी दोनला, जेईई मेनची सत्रे नऊ आणि तीनला. शेवटचे तीन आठवडे झोप रोज थोडी अलीकडे आणा आणि सराव प्रश्नपत्रिका नेमक्या त्या वेळी सोडवा. रात्री एकला चालणाऱ्या डोक्याला सकाळी नऊलाही चालायची सवय लागते.

पालकांसाठी

‘शेजारचा मुलगा दोनपर्यंत जागतो’ हे वाक्य घरात बोलूच नका. किती वेळ बसलास, असे विचारण्यापेक्षा सकाळी नाश्त्याच्या वेळी म्हणा, “काल काय केलंस, पुस्तक न बघता सांग पाहू.” जेवणाची वेळ अलीकडे आणा, टीव्ही लवकर बंद करा. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, चिडत असेल, जेवण टाळत असेल, तर डॉक्टरांना भेटा. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे.

आज रात्री वहीच्या कोपऱ्यात दोनच गोष्टी लिहा: कोणते काम संपवायचे आणि किती वाजता थांबायचे. दुसरी गोष्ट पहिलीइतक्याच निष्ठेने पाळा.