पाच खडे, अनेक उत्तरे

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही अभिसारी व अपसारी विचारांतील फरक स्पष्ट करू शकाल. तसेच घरातील साध्या वस्तूंच्या साहाय्याने बालकांच्या विचारशक्तीला चालना देऊ शकाल.

मूळ पाठ
'दोन आणि तीन मिळून किती?' या प्रश्नाचे उत्तर एकच असते. 'पाच खडे दोन वाट्यांत किती प्रकारे ठेवता येतील?' असे विचारले, की बालक खडे हाताळू लागते. एक आणि चार, दोन आणि तीन, एका वाटीत सर्व आणि दुसरी रिकामी, अशा अनेक मांडण्या त्याला सापडतात. बेरीज तर तो शिकतोच; शिवाय शोधण्याचा आनंदही त्याला मिळतो. एका अचूक उत्तराकडे नेणाऱ्या विचाराला 'अभिसारी' आणि अनेक शक्यता शोधणाऱ्या विचाराला 'अपसारी' विचार म्हणतात. हा भेद अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी मांडला. शिक्षणात दोहोंचीही गरज असते.

अशा शिक्षणासाठी महागडी साधने लागतात, हा समज ताराबाई मोडक यांनी खोटा ठरवला. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केल्यानंतर 1945 मध्ये त्यांनी बोर्डी या गावी कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हे कार्य विस्तारले. शंख-शिंपले, खडे, पाने, बिया हीच तेथील शैक्षणिक साधने झाली. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येणे शक्य नव्हते. म्हणून शाळाच कुरणावर गेली. 'मूल शाळेत का येत नाही?' याऐवजी 'शाळा मुलाकडे कशी जाईल?' असा विचार केल्यामुळे 'कुरणशाळा' जन्माला आली. प्रश्न बदलला, म्हणून उत्तर सापडले.

घरीही हे सहज साधते. चिंचोके, वाल आणि हरभरे एकत्र करून बालकापुढे ठेवावेत. ते कधी रंगानुसार, कधी आकारानुसार गट करील. 'असे का लावलेस?' एवढेच विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. गोष्ट अर्ध्यावर थांबवून तिचा शेवट त्यालाच करू द्यावा. मोठ्यांनी घाईने 'चूक' म्हटले, की मूल पुढच्या वेळी गप्प बसते. ज्या पालकांचे स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिले, त्यांनाही हे करता येते; कारण येथे पुस्तकी ज्ञानापेक्षा ऐकून घेण्याची तयारी अधिक मोलाची असते.

पाठगत प्रश्न
1. अभिसारी व अपसारी विचारांचे प्रत्येकी एक उदाहरण द्या.
2. कुरणशाळा सुरू करण्यामागील कारण लिहा.

उपक्रम
रिकामी करवंटी बालकाला देऊन तिचे किती उपयोग सुचतात, ते विचारा. सर्व उत्तरे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.