भाड्याने दिलेल्या फ्लॅट-गाळ्याचा विमा : काय घ्यावे, काय विचारावे

मीरा रोड-भाईंदर परिसरात आमच्या अनेक कुटुंबांची आयुष्यभराची कमाई एखाद्या फ्लॅटमध्ये किंवा गाळ्यात गुंतलेली आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून कितीतरी कुटुंबे इकडे राहावयास आली. पुढे हाती चार पैसे आल्यावर कोणी दुसरे घर घेऊन भाड्याने दिले, कोणी आखातातील मुलाच्या पैशातून गाळा घेतला. आज त्याच भाड्यावर कितीतरी वृद्ध आईबापांचा आणि विधवांचा महिन्याचा खर्च चालतो. अशा जागेला आग लागली किंवा पाणी शिरले, तर एकाच वेळी दोन नुकसाने होतात. भिंती जातात आणि भाडेही थांबते. तरीसुद्धा दुकानातील मालाचा विमा दरसाल न चुकता उतरविणारे आमचे व्यापारी बांधव भाड्याच्या जागेचा विमा क्वचितच उतरवितात. म्हणून हा विषय आम्ही येथे क्रमाने मांडत आहोत.

विमा जायज आहे का?

हा प्रश्न आमचे वाचक प्रथम विचारतात. उलमांमध्ये याबाबत मतभेद आहेत. इस्लामिक फिक्ह अकादमीच्या १९९२ च्या परिसंवादात मात्र देशातील दंगलींची परिस्थिती लक्षात घेऊन जानमालाच्या विम्याला मुभा देण्यात आली होती. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या विश्वासाच्या आलिमांना विचारून निर्णय घ्यावा. व्यवहाराच्या बाजूने एवढेच सांगता येईल की, मालमत्तेचा विमा नफ्यासाठी नसतो. त्यात झालेल्या नुकसानीचीच भरपाई मिळते, त्याहून अधिक नाही.

किती रकमेचा उतरवावा?

येथे बहुतेकांची गफलत होते. फ्लॅटच्या बाजारभावात जमिनीची किंमत, स्टेशनचे अंतर, वस्तीचे नाव हे सारे धरलेले असते. आगीत जमीन जळत नाही. म्हणून साधारण पॉलिसीत विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते. समजा, फ्लॅटचे चटई क्षेत्र ४५० चौरस फूट आहे आणि पुन्हा बांधण्याचा खर्च चौरस फुटाला ३,००० रुपये धरला, तर रक्कम साडेतेरा लाख होते. फ्लॅटचा भाव ऐंशी लाख असला तरी ऐंशी लाखांचा हप्ता भरण्याचे कारण नाही.

एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी. संपूर्ण इमारतच गेली तर तिसऱ्या मजल्यावरील आपला फ्लॅट एकट्याने बांधता येत नाही. यासाठी काही कंपन्या ठरीव किमतीची वेगळी पॉलिसी देतात. तिचा हप्ता जास्त असतो. ज्यांचे एकमेव उत्पन्न त्या फ्लॅटवर आहे त्यांनी तिची चौकशी जरूर करावी.

घरासाठी 'भारत गृह रक्षा'

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी ठेवावयास लावली. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, संप व द्वेषाने केलेली नासधूस हे धोके तिच्यात येतात. पाण्याची टाकी किंवा नळ फुटून झालेले नुकसानही येते. दंगल किंवा आग यांसारखा प्रसंग घडल्यापासून सात दिवसांत त्याच गोंधळात चोरी झाली तर तीही धरली जाते. एरवीची घरफोडी मात्र यात नाही, तिचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

आमच्या भागाला पूर आणि दंगल हे दोन्ही धोके परके नाहीत. एका बाजूला खाडी, दुसरीकडे मिठागरांची सखल जमीन. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यांचे काय झाले ते लोक विसरलेले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये मीरा रोडला तणावाच्या दिवसांत दुकानांची व वाहनांची तोडफोड झाली, तीही ताजी गोष्ट आहे.

या पॉलिसीत घराबरोबर सामानाचा विमा घेतला, तर इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, सामान आपोआप धरले जाते. पंखे, कपाटे, गिझर लावून घर भाड्याने देणाऱ्या मालकाला हे उपयोगी आहे. परंतु भाडेकरूचे स्वतःचे सामान मालकाच्या पॉलिसीत येत नाही. त्याने आपला वेगळा विमा घ्यावा आणि हे त्याला करारनाम्याच्या वेळीच सांगावे, म्हणजे पुढे तक्रार राहत नाही.

भाडे बुडाल्यास

विम्यात येणाऱ्या धोक्यामुळे घर राहण्याजोगे उरले नाही, तर दुरुस्तीच्या वाजवी काळातील बुडालेले भाडे याच पॉलिसीतून मिळू शकते. त्याची कमाल मर्यादा तीन वर्षे आहे. मात्र भाडे किती होते, हे कागदावर दाखविता आले पाहिजे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ओळखीच्या माणसाला तोंडी बोलीवर घर देऊन रोख भाडे घेणारा मालक विमा कंपनीपुढे काय ठेवणार? करार नोंदवावा आणि भाडे बँकेतून घ्यावे.

गाळा व दुकान

गाळा व दुकान घराच्या पॉलिसीत बसत नाहीत. एका ठिकाणची एकूण विमायोग्य किंमत पाच कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. येथे तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, रक्कम कमी लिहू नये. घराच्या पॉलिसीत कमी रकमेची कपात होत नाही, गाळ्याच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतच माफी आहे. वीस लाखांच्या बांधकामाचा विमा दहा लाखांचा घेतला आणि चार लाखांचे नुकसान झाले, तर कंपनी निम्म्या हिशेबाने दोन लाखच देईल.

दुसरी, गाळ्यात कोणता धंदा चालतो ते खरे लिहावे. हप्ता धंद्यावर ठरतो. आम्ही कापडाच्या व्यापारातले. कापडाचे गोदाम, शिलाईचा कारखाना आणि फोम किंवा रसायनांचा साठा या तिन्हींची जोखीम एक नाही, हे आम्हाला रोज दिसते. समजा, कापडासाठी दिलेल्या गाळ्यात भाडेकरूने सहा महिन्यांनी फोमच्या गाद्यांचे काम सुरू केले आणि मालकाने कंपनीला कळविले नाही, तर आगीनंतर दावा अडकण्याचे कारण मालकाने स्वतःच दिले असे होईल. म्हणून धंदा बदलण्यापूर्वी लेखी परवानगी घेण्याची अट करारात टाकावी आणि बदल होताच कंपनीस लेखी कळवावे. घराबाबतही हेच. घर भाड्याने दिले, रिकामे झाले, त्यात शिकवणी वर्ग किंवा कारखाना सुरू झाला, तर कळवावे.

तिसरी, गाळ्याचे बुडालेले भाडे मूळ पॉलिसीत नसते. ते वेगळे मागून, हप्ता भरून घ्यावे लागते. एजंट आपण होऊन सांगेलच असे नाही.

काय मिळत नाही?

पावसाळ्यातील ओल, गळती, जुनेपणाची झीज आणि सदोष बांधकाम यांची भरपाई नाही. इमारत केवळ जीर्ण होऊन खचली तर विम्यावर विसंबता येत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत १९८४ सालची जिलानी इमारत रात्री कोसळली व चाळीसच्या आसपास माणसे गेली. मीरा-भाईंदरमध्येही ऐंशीच्या दशकातील इमारती पुष्कळ आहेत. तेथे पॉलिसीच्या आधी संरचनात्मक तपासणी करून घ्यावी. भाडेकरूही आपल्या भरवशावर त्या छताखाली झोपतो. तसेच सरकारी किंवा पालिकेच्या आदेशाने झालेली पाडापाडी विम्यात येत नाही, हे बांधकाम परवानगीचे कागद नसलेल्या जागा स्वस्तात घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

सोसायटी आणि बँक

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीने इमारतीचा आग व भूकंपाचा विमा उतरविणे सक्तीचे आहे. त्याचा खर्च फ्लॅटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटला जातो. एखाद्या दुकानातील विशिष्ट मालामुळे हप्ता वाढला, तर वाढीव भार त्या दुकानदारावर पडतो. सर्वसाधारण सभेत पॉलिसीची प्रत मागावी. रक्कम किती, पूर आणि दंगल त्यात आहेत का, हे पाहावे. एकाच नुकसानीची भरपाई दोन ठिकाणांहून मिळत नाही, म्हणून सोसायटीच्या पॉलिसीत जे नाही तेच आपण घ्यावे : आतील काम, सामान, बुडालेले भाडे.

कर्ज घेताना बँकेने 'विमा' म्हणून दिलेला कागदही उघडून वाचावा. पुष्कळदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो, घराचा नव्हे.

नुकसान झाल्यावर

कंपनीस ताबडतोब लेखी कळवावे. सर्वेक्षक येईपर्यंत जळका-भिजका माल फेकू नये, फोटो काढून ठेवावेत. आग असल्यास अग्निशमन दलाचा दाखला, दंगल किंवा चोरी असल्यास पोलीस तक्रार व पंचनामा घ्यावा. कंपनीने दावा नाकारला किंवा तक्रारीस महिनाभर उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. तेथे फी नाही, वकिलाची गरज नाही, आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात.

पॉलिसी, नोंदणीकृत करार, कर पावती आणि शेअर सर्टिफिकेट यांच्या प्रती दुसऱ्या घरी, एखाद्या नातेवाइकाकडे ठेवाव्यात. पुष्कळ घरांत हे कागद त्याच कपाटात असतात, जे आगीत सर्वांत आधी जळते.