इंजिनाची ताकद वाढवाल, पण क्लच ती पेलेल का?

कापडाचा धंदा आज टेम्पोवर चालतो. सूत लूमवर पोहोचवायचे, कोऱ्या कापडाचे तागे प्रोसेसला न्यायचे, तयार माल दुकानात उतरवायचा, म्हणून आमच्यापैकी अनेकांनी स्वतःची लहान मालवाहू गाडी ठेवलेली आहे. भिवंडीहून मालेगावकडे भरलेली गाडी निघाली की कसारा घाटात तिची दमछाक होते. ड्रायव्हर तक्रार करतो आणि गॅरेजवाला म्हणतो, "शेठ, पंप थोडा वाढवून देतो, गाडी पळेल." गाडी नव्या जमान्याची असेल तर पंपाऐवजी कॉम्प्युटरची सेटिंग बदलून देण्याची गोष्ट निघते. खर्च थोडा, फायदा लगेच दिसणारा. पण वाढवलेली ताकद चाकांपर्यंत नेणारा क्लच कारखान्यातून आला तसाच असतो. तो हा भार पेलेल का, हा प्रश्न पैसे मोजण्याआधी विचारला पाहिजे.

क्लचचे काम काय?

इंजिनाचे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. कुठे दात नाहीत, कुठे खिळा नाही. केवळ दाबाने आणि घर्षणाने सगळी ताकद पुढे जाते. लूमचा पट्टा पुलीला जसा घर्षणाने धरतो, तसाच हा प्रकार. पट्टा सैल झाला की मोटर फिरते आणि लूम मागे राहतो. क्लच घसरला की इंजिन ओरडते आणि गाडी मागे राहते.

हॉर्सपॉवर नव्हे, टॉर्क विचारा

येथे मोठा गैरसमज आहे. क्लचला हॉर्सपॉवर कळत नाही. त्याला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तेवढा कळतो. दोहोंचा संबंध असा: टॉर्क (किलोग्रॅम-मीटरमध्ये) गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ७१६, म्हणजे हॉर्सपॉवर. तेव्हा केवळ फेरे वाढल्याने हॉर्सपॉवर वाढली असेल, तर क्लचवरचा जोर वाढत नाही. परंतु जास्त डिझेल आणि टर्बोची जास्त हवा देऊन ताकद वाढवली, तर कमी फेऱ्यांतच टॉर्क चढतो आणि सगळा भार क्लचवर येतो. गॅरेजमध्ये जे केले जाते ते बहुतेक हेच असते. म्हणून "किती हॉर्स वाढेल?" असे न विचारता "टॉर्क किती टक्के वाढेल?" असे विचारावे.

हिशेब करून पाहू

क्लच किती टॉर्क धरतो, हे चार गोष्टींवर ठरते: घर्षणाचे प्रमाण, स्प्रिंगचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घर्षणाच्या बाजू. या चारांचा गुणाकार म्हणजे क्लचची ताकद.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. घर्षण ०.३, दाब ५०० किलो, सरासरी त्रिज्या १० सेंटिमीटर म्हणजे ०.१ मीटर, आणि एका प्लेटच्या दोन बाजू. गुणाकार ३० किलोग्रॅम-मीटर. इंजिनाचा कमाल टॉर्क २२ धरा. म्हणजे क्लच इंजिनापेक्षा सुमारे ३६ टक्के अधिक धरू शकतो. कारखाने साधारणपणे सव्वा ते दीडपट अशी राखीव क्षमता ठेवतात, अवजड वाहनांत त्याहूनही जास्त.

आता टॉर्क २० टक्क्यांनी वाढवला तर तो २६.४ होतो. क्लच ३० चा आहे, म्हणजे पेलेल, असे वाटते. गाडी नवी असेपर्यंत खरेच पेलतो. पण प्लेट तापली, तिला थोडे तेल लागले, घर्षण ०.३ वरून ०.२५ वर आले, की तोच क्लच २५ चा उरतो. मूळ इंजिनाच्या २२ ला तो अजूनही पुरतो, वाढवलेल्या २६.४ ला पुरत नाही. आणि टॉर्क ४० टक्के वाढवला तर तो ३०.८ होतो, म्हणजे नवा क्लचसुद्धा पहिल्या दिवशीच घसरेल.

चांगला शिंपी शिवणीत माया सोडतो. ती माया कपडा आटला किंवा अंगाला घट्ट झाला तर उपयोगी पडावी म्हणून असते. ती काढून कुणी दुसरी टोपी शिवत नाही. क्लचमधली राखीव क्षमता हीसुद्धा मायाच आहे. ती गाडीच्या म्हातारपणासाठी आणि घाटातल्या उष्णतेसाठी ठेवलेली आहे. वाढीव ताकदीवर ती खर्च केली की अडचणीच्या वेळी हाती काही उरत नाही.

जास्त माल आणि जास्त ताकद

"आमचा क्लच तर जास्त माल भरल्याने जळतो," असे काही बांधव म्हणतील. त्यातही तथ्य आहे, पण कारण निराळे. क्लच पूर्ण बसल्यावर गाडीत माल कितीही असो, इंजिन देईल तेवढाच टॉर्क त्यातून सतत जातो. मालाचा मार बसतो तो गाडी उठवताना. त्या वेळी प्लेट घासत असते आणि वजन दुप्पट असेल तर उष्णताही सुमारे दुप्पट होते. चढावर आणखी जास्त. भरलेली गाडी दुसऱ्या गियरमध्ये उठवण्याची सवय याहून वाईट. दुसऱ्या गियरचा वेग पहिल्याच्या दुप्पट असेल, तर सपाट रस्त्यावरही सुमारे चौपट उष्णता निर्माण होते. घाटात ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणे, हा तर प्लेट जाळण्याचा सोपा मार्ग. म्हणून आधी ड्रायव्हरची सवय पाहावी.

तपासणी कशी करावी?

१) मोकळ्या सरळ रस्त्यावर वरच्या गियरमध्ये, कमी फेऱ्यांवर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचे फेरे एकदम चढले आणि वेग तसाच राहिला, तर क्लच घसरत आहे. ही चाचणी वारंवार करू नये.
२) चढावर जळका वास येत असेल तर त्याच दिवशी गाडी दाखवावी.
३) नवी प्लेट टाकण्याआधी पेडलचा फ्री प्ले आणि इंजिनाच्या मागच्या सीलमधून होणारी तेलगळती तपासून घ्यावी. कारण तसेच राहिले तर नवी प्लेटही जाईल.

मजबूत क्लच टाकला तर?

उपाय आहेत, पण प्रत्येकाची किंमत आहे. जास्त दाबाची प्रेशर प्लेट बसवली तर पेडल जड होते आणि रिलीज बेअरिंगवर ताण येतो. तांबे-सिरॅमिकच्या गोट्यांची प्लेट जास्त धरते, पण एकदम पकडते. गल्लीबोळात थांबत-चालत माल उतरवणाऱ्या गाडीला तिचे झटके सोसत नाहीत. मोठ्या व्यासाच्या प्लेटला तसेच फ्लायव्हील लागते. दोन प्लेटच्या क्लचमध्ये घर्षणाच्या बाजू चार होतात, मात्र खर्च वाढतो आणि जागाही हवी.

शिवाय घसरणारा क्लच एका अर्थाने फ्यूजचे काम करतो. तो बळकट केला की वाढीव जोर गियरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरेन्शियलवर जातो. तेही मूळ टॉर्कच्या मापानेच बनलेले आहेत, आणि त्यांची दुरुस्ती क्लच प्लेटपेक्षा कितीतरी महाग असते.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या गाड्यांत इंजिनाची सेटिंग बदलली तर धुराची मर्यादा बिघडते, वॉरंटी धोक्यात येते, आणि अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.

थोडक्यात

गाडी घाटात दमते म्हणून लगेच पंपाला हात लावू नये. आधी एअर फिल्टर, इंजेक्टर, टायरमधील हवा आणि चिकटलेले ब्रेक पाहावेत; गेलेली ताकद पुष्कळदा तेथेच सापडते. मग भरलेल्या मालाचे वजन काट्यावर करून घ्यावे. इतके करूनही गाडी अपुरी पडत असेल, तर धंदा वाढला आहे असे समजून मोठ्या गाडीचा विचार करावा किंवा दोन फेऱ्या कराव्यात. घाटात गाडी उभी राहिली की गिऱ्हाइकाला दिलेली तारीख चुकते, आणि तारीख चुकली की पुढची ऑर्डर दुसऱ्याच्या दुकानात जाते. ते नुकसान कोणत्याही गॅरेजच्या बिलात लिहिलेले नसते.