आठवड्याची भाजीपेटी : गटाने करावयाची थेट विक्री

कोथिंबिरीच्या शंभर जुड्या बाजारात नेल्या आणि हातात गाडीभाड्यापुरतेही पैसे उरले नाहीत, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे. त्याच दिवशी शहरातील गृहिणी तीच जुडी चढ्या भावाने घेत असते. हे अंतर कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे भाजीपेटी. महाराष्ट्रात २०१६ साली बाजार समितीच्या आवाराबाहेरील फळे व भाजीपाला नियमनातून मुक्त झाला. २०२० च्या टाळेबंदीत अनेक शेतकरी गटांनी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत असे भाजीपाल्याचे संच पोहोचविले.

पद्धत

सोसायटीतील कुटुंबे आठवड्याची मागणी आगाऊ नोंदवितात. गट ठरलेल्या दिवशी एकाच ठिकाणी माल आणतो व ग्राहक तेथून आपली पेटी घेऊन जातात. घरोघर फिरावे लागत नसल्याने पेटी स्वस्त देता येते.

सुमारे ५ किलोची पेटी पुढीलप्रमाणे करता येईल : टोमॅटो व कांदा प्रत्येकी १ किलो, भेंडी व वांगी प्रत्येकी अर्धा किलो, गवार पाव किलो, एक कोबी, एक लहान दुधी, मेथी व कोथिंबिरीची एकेक जुडी आणि १०० ग्रॅम मिरची.

लागवडीचे नियोजन

एका शेतकऱ्याला इतकी पिके जमत नाहीत. म्हणून आठ-दहा जणांनी पिके वाटून घ्यावीत. मेथी सुमारे ३० दिवसांत काढणीस येते. ती दर आठवड्यास हवी असल्यास चार-पाच वाफे आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरावेत.

काढणी व हाताळणी

वाटप रविवारी सकाळी असेल तर नोंदणी गुरुवारी संध्याकाळी बंद करावी. तेवढीच भाजी काढावी. फळभाज्या शनिवारी सकाळी लवकर, तर पालेभाज्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर काढाव्यात. माल सावलीत ठेवून प्रतवारी करावी. पेटीत कांदा व कोबी तळाशी, टोमॅटो व पालेभाज्या वर ठेवाव्यात. औषध फवारल्यानंतर लेबलवरील प्रतीक्षा कालावधी पूर्ण झाल्याशिवाय माल काढू नये.

हिशेब

समजण्यासाठी काही आकडे घेऊ. पेटीची किंमत ३०० रुपये व ४० पेट्या धरल्यास विक्री १२,००० रुपये होते. टेम्पो १,५००, मजुरी ८००, पिशव्या ४०० व घट ६०० असा ३,३०० रुपये खर्च वजा जाता ८,७०० रुपये, म्हणजे पेटीमागे सुमारे २१७ रुपये उरतात. पेट्या २० च असतील तर इतर खर्च निम्मा होतो, परंतु टेम्पोचे भाडे तेवढेच राहते. ६,००० मधून २,४०० वजा जाता पेटीमागे १८० रुपयेच मिळतात. तोच माल बाजार समितीत नेल्यास भाडे, हमाली वगैरे जाता काय उरते, याच्याशी ही रक्कम ताडून पाहावी. पुरेशी नोंदणी झाल्याशिवाय टेम्पो भरू नये.

घ्यावयाची काळजी

१) पैसे आगाऊ घ्यावेत, न नेलेल्या पेटीचा तोटा गटावर पडत नाही.

२) वजन चोख द्यावे. एखादी भाजी कमी पडल्यास ग्राहकास आधी कळवावे व बदली भाजी द्यावी.

३) बाजारात भाव चढला म्हणून पेटीचा माल दुसरीकडे वळवू नये. भाव पडल्यावर हेच ग्राहक आपल्याला तारतात.

४) प्रत्येक सभासदाचा माल, वजन व रक्कम वहीत लिहून त्याच आठवड्यात पैसे वाटावेत. गट बहुधा हिशेबावरूनच फुटतात.

सर्व माल पेटीतून विकण्याची घाई करू नये. प्रथम एका सोसायटीपासून सुरुवात करावी व उरलेला माल नेहमीच्या बाजारात पाठवावा. तीन महिने नियमित पुरवठा केल्यावरच पुढचे पाऊल टाकावे. या धंद्यात भांडवल थोडे लागते, परंतु शब्द मात्र दर रविवारी पाळावा लागतो.