वजनकाटा आणि शरीरातील मेद

शरीराचे वजन आणि शरीरातील मेद या दोन भिन्न गोष्टी आहेत. वजन काट्यावर थेट मोजता येते. जिवंत माणसाच्या शरीरातील मेद मात्र तसा तोलता येत नाही. तो दुसऱ्या एखाद्या गुणधर्मावरून ताडावा लागतो. अलीकडे अनेक घरांत दिसणारे ‘स्मार्ट’ वजनकाटे वजनाबरोबरच मेद, स्नायू, पाणी आणि हाडे यांचे प्रमाणही दाखवितात, आणि तेही दशांशापर्यंत. या आकड्यांवर कितपत विसंबावे, हे ठरविण्यापूर्वी काटा प्रत्यक्षात काय मोजतो ते पाहिले पाहिजे.

काटा मोजतो त्या गोष्टी दोनच : वजन आणि विद्युत्‌रोध. अनवाणी उभे राहिले असता एका तळपायातून अत्यंत क्षीण असा प्रत्यावर्ती विद्युत्‌प्रवाह शरीरात शिरतो व दुसऱ्या तळपायातून बाहेर पडतो. स्नायूंत पाणी व क्षार विपुल असल्यामुळे त्यांतून प्रवाह सहज वाहतो. मेदात पाणी थोडे असल्यामुळे त्याला अडथळा होतो. या अडथळ्यावरून शरीरातील पाणी, पाण्यावरून मेदविरहित भाग आणि तो वजनातून वजा करून मेद, अशी ही अनुमानांची साखळी आहे. उंची, वय व लिंग ही माहिती वापरणाऱ्यानेच पुरविलेली असते. हाडांचे म्हणून जे वजन दाखविले जाते, तेही गणितानेच काढलेले असते. हाडे ठिसूळ झाली आहेत की नाहीत, हे त्यावरून मुळीच कळत नाही.

या साखळीतील पहिला कच्चा दुवा म्हणजे पाणी. समजा, ७० किलोग्रॅम वजनाच्या माणसाने १ लिटर पाणी पिऊन लगेच काट्यावर पाय ठेवला. वजन १ किलोग्रॅमने वाढेल. पण जठरातील पाण्यामुळे पायांतील विद्युत्‌रोधात फरक पडणार नाही. परिणामी, वाढलेल्या वजनाचा बराच भाग काटा मेदाच्या खाती टाकील. उलट, घाम किंवा जुलाब यांमुळे शरीरातील पाणी कमी झाले, तर रोध वाढतो आणि मेदही वाढल्याचा भास होतो. व्यायाम, जेवण, पायांवरील सूज, तळव्यांचा ओलावा किंवा कोरडेपणा यांचाही परिणाम होतो.

दुसरा दोष प्रवाहाच्या मार्गाचा. तो एका पायातून वर चढतो, ओटीपोटाच्या भागातून जातो आणि दुसऱ्या पायातून खाली उतरतो. छाती, हात व पोटाचा वरचा भाग यांतून तो जवळजवळ जातच नाही. मधुमेह आणि हृदयविकार यांच्या दृष्टीने पोटातील मेद अधिक घातक समजला जातो. नेमका त्याचाच पत्ता काट्याला नीट लागत नाही.

तिसरा दोष समीकरणांचा. रोधावरून मेद काढण्याचे समीकरण विशिष्ट लोकसमूहाची मोजमापे घेऊन बसविलेले असते. निराळ्या शरीरबांध्याच्या लोकांना ते लागू पडेलच असे नाही. भारतीयांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, परंतु क्ष-किरणांच्या साहाय्याने केलेल्या मापनात युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के मेद आढळला. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही मेद दडलेला असू शकतो, तो असा.

म्हणून काटा निरुपयोगी ठरतो असे नाही. त्यावरील वजन सामान्यतः विश्वासार्ह असते. मेदाचा आकडा पाहावयाचाच असेल, तर तो रोज सकाळी शौचानंतर व खाण्यापिण्यापूर्वी घ्यावा आणि एका दिवसाच्या चढउताराकडे लक्ष न देता काही आठवड्यांचा कल तेवढा पाहावा. हृदयात पेसमेकर बसविलेल्यांनी असे काटे वापरू नयेत. कंबरेचा घेर मोजण्यास मात्र साधी मोजपट्टी पुरते : भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांहून अधिक घेर हा धोक्याचा इशारा मानला जातो. असा इशारा मिळाल्यास, काट्याने मेद कमी दाखविला म्हणून निश्चिंत न राहता, रक्तदाब व रक्तशर्करा तपासून घेणे हेच शहाणपणाचे होय.