होज-क्लॅम्पची पकड : निवड व उपयोग

हिंजवडी हें एके काळीं मुळशी तालुक्यांतील शेतीचें गांव. आज तेथें राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसलें असून, सकाळसंध्याकाळ असंख्य मोटारी वाकडच्या बाजूनें मुंगीच्या पावलांनीं सरकत असतात. मोटार धांवत असतां समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो. ती खोळंबली म्हणजे तें काम एकट्या पंख्यावर पडतें. अशा वेळीं इंजिन व रेडिएटर यांना जोडणाऱ्या रबरी नळीचें बंधन ढिलें असेल, तर पाणी गळून इंजिन तापतें. या बंधनालाच होज-क्लॅम्प म्हणतात.

एकदां हें बंधन आम्हीं घरींच बदलावयास घेतलें. हातीं होती ती साधी पकड. क्लॅम्पचे कान दाबतांच ते जबड्यांतून निसटले आणि क्लॅम्प आमच्या डोळ्याजवळून सणसणत गेला. एका बोटाचें अंतर, म्हणून डोळा वांचला! दोष क्लॅम्पचा नव्हता, आमच्या निवडीचा होता. तोच धडा वाचकांपुढें ठेवीत आहों.

क्लॅम्पचे मुख्य प्रकार तीन. पहिला, पेचाच्या पट्टीचा. लम्ली रॉबिन्सन या इंग्लंडमधील गृहस्थानें १९२१ सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्याला पकड लागतच नाहीं. स्क्रूड्रायव्हर किंवा लहान पाना पुरतो. मात्र तो अति आवळला तर पट्टी रबर कापते. दुसरा, स्प्रिंगचा. याचे दोन कान एकमेकांकडे दाबले कीं कडें मोठें होतें, सोडले कीं आवळतें. रबर उष्णतेनें फुगो वा कालांतरानें दबो, स्प्रिंग त्याचा पाठपुरावा करते. म्हणून मोटारींत हा फार आढळतो. तिसरा, एका कानाचा. त्याचा कान विशिष्ट चिमट्यानें एकदांच चिमटावयाचा. काढतांना तो कापून टाकावा लागतो.

पकडीची खरी परीक्षा दुसऱ्या प्रकारांत होते. साध्या पकडीचे जबडे उघडतांना तिरपे होतात, त्यामुळें कान निसटतात. या कामाच्या खास पकडीच्या टोंकाशीं खांचा असलेले फिरते तुकडे असतात. पकड कोणत्याही कोनांत धरली तरी ते कानांवर नीट बसतात. शिवाय दाबलेली स्थिति कायम राखणारी कळ असेल, तर दुसरा हात नळी ओढण्यास मोकळा राहतो. जागा अडचणीची असेल तेथें लांब तारेची पकड घ्यावी. तिचें तोंड आंत व मूठ बाहेर राहते.

आतां थोडें पदार्थविज्ञान. पकड म्हणजे एका खिळीवर जोडलेल्या दोन तरफा. खिळीपासून मूठ १५ सेंटिमीटर व जबड्याचें टोंक ३ सेंटिमीटर असेल, तर हाताचा जोर पांचपट होतो. तोच जबडा ६ सेंटिमीटर लांब केला, तर अडीचपटच. म्हणूनच लांब नाकाची पकड दूर पोहोंचते खरी, पण घट्ट स्प्रिंग दाबतांना हात थकवते. विद्यार्थ्यांनीं घरची पकड मोजून हें गणित स्वतः करून पाहावें.

कृतीचा क्रम असा : इंजिन पूर्ण निवूं द्यावें. बंद रेडिएटरमध्यें दाब असल्यामुळें आंतील पाणी शंभर अंशांवरही न उकळतां राहतें. झांकण किंवा नळी काढतांच तें उसळून अंग भाजतें. डोळ्यांना चष्मा लावावा. क्लॅम्प दाबून नळीवर मागें सरकवावा. नळी चिकटली असल्यास हलकेच पिळून सोडवावी. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटूं नये, त्यानें तोटी फुटते. नवी नळी बसविण्यापूर्वीं क्लॅम्प तिच्यावर ओंवावयास विसरूं नये. नळी तोटीच्या उंचवट्यापलीकडे पुरती जावी, आणि क्लॅम्प त्या उंचवट्याच्या मागें, नळीच्या कांठापासून किंचित् आंत बसावा. शेवटीं पाणी भरून, इंजिन चालवून, गळती नाहीं ना हें पाहावें. हात मात्र पंख्यापासून दूर असावा.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलांना हें काम शिकवावें, पण प्रथम जवळ उभें राहून. आणि मुलांनो, हत्यार हातीं येईल तें घेऊं नका. कामाला लागेल तें घ्या. योग्य पकड शोधण्यांत गेलेली पांच मिनिटें वायां जात नाहींत. डोळा गेला तर तो परत येत नाहीं.